झडप बंद असताना आलेला आलेख

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आजही नाही. मी मूळची साताऱ्याची, केमिस्ट्रीत पीएचडी, राहते म्हैसूरच्या कुवेंपुनगरात. हसायचं त्यांनी खुशाल हसावं...

एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आमची लेझर लॅब होती. लेझरच्या पहिल्या झटक्याने रेणूतला एक बंध थरथरवायचा, आणि मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या झटक्याने ती ऊर्जा रेणूत कुठे पसरली ते बघायचं — हे काम. पहिला झटका अडवला की स्क्रीनवर नुसती सपाट रेघ. तपासणी म्हणून ती रोज आधी घ्यायचो.

शनिवार, दुपारचे साडेतीन. टेक्निशियन मारुतीमामांनी पहिल्या लेझरसमोर झडप लावली. मामा पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी, निवृत्तीला चार महिने उरलेले. मी रेघ घेतली. ती वर चढली... आणि हळूहळू उतरली. थरथरणाऱ्या रेणूतली ऊर्जा पसरताना उतरते, अगदी तशी.

"मामा, झडप?"

"लावलोय की अक्का. तुम्हीच बघा."

झडपेमागे प्रकाश मोजायचा मीटर धरला — प्रकाश शून्य. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. रेणू ज्यात विरघळवले होते ते नुसतं द्रावक ठेवलं, तर सपाट. रेणू परत ठेवले — चढली. जुनी फाइल तर उघडली नाही ना, तेही पाहिलं. नव्हती.

मामा हळूच म्हणाले, "साकु अक्का, पुरे झालं. आज बंद करूया."

"नाही. अजून एकदा."

या खेपेला सपाट. त्यानंतर ती कधीच चढली नाही.

सोमवारी आमच्या लॅबप्रमुख सरांनी आलेख पाहिला. "टेक्निशियन झडप लावायला विसरला, असं लॅबच्या वहीत लिही आणि विषय संपव."

"झडप लागली होती, सर. मीटर मी धरला होता."

"तुला नोकरीची मुदतवाढ हवी आहे ना?"

मामा दारातच उभे होते, मान खाली घालून. मी वही ओढली, घडलं ते घडलं तसं लिहिलं आणि खाली सही केली.

मुदतवाढ मिळाली नाही. माझ्या निरोपाच्या दिवशी मामा म्हणाले, "माझ्यापायी नोकरी घालवलात, अक्का."

"तुमच्यापायी नाही. झडप लागली होती म्हणून."

आता कॉलेजात शिकवते. भटका प्रकाश, डिटेक्टरमधला बिघाड — सगळं पडताळलं. एकही कारण बसत नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर लिहा, वाचेन. फक्त मामा विसरले असतील, एवढं सांगू नका.