मोहाखालची मध्यस्थी

तीन एप्रिल. काम : मोहाची फुलं वाळत घालणे.

आमच्या कुटुंबात भांडण नव्हतं. मग मी भांडणं मिटवायला शिकले.

आज ज्या बांबूच्या ताटव्यांवर मी मोह पसरते आहे, ते मोह वाळवायला आणलेलेच नाहीत. गेल्या आठवड्यात ते आमच्या आणि माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, घरांमध्ये भिंत म्हणून उभे राहणार होते. त्या भिंतीचा पाया मी घातला होता. रीतसर प्रशिक्षण घेऊन.

झालं असं, की तालुक्याला, आरमोरीला, सामुदायिक मध्यस्थीचं केंद्र सुरू होणार होतं. नालीवरून, कोंबडीवरून, बांधावरून कोर्टात जायचं आणि म्हातारं होईपर्यंत तारखा घ्यायच्या, त्यापेक्षा गावातल्याच एखाद्या माणसानं दोघांना बसवावं, बोलतं करावं आणि तोडगा त्यांचा त्यांना काढू द्यावा, अशी ती योजना. चांगली योजना आहे. इतकं सगळं होऊनही माझं तेच मत आहे. आमच्या गावातून माझं नाव गेलं, कारण मी बचत गटाची अध्यक्ष आणि माझा आवाज पार तळ्यापर्यंत ऐकू जातो. (मध्यस्थाला आवाजापेक्षा कान लागतात, हे तिथे गेल्यावर कळलं.)

शिकवणारे सर फार सज्जन. कोणाची बाजू घ्यायची नाही, मध्ये बोलायचं नाही, प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास ठेवायचा, आणि समोरचा जे बोलेल ते आपल्या शब्दांत परत सांगायचं : "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की..." मला हे वाक्य इतकं आवडलं की परतीच्या एसटीत कंडक्टरवर वापरून पाहिलं. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "केंद्र सुरू होण्याआधी प्रत्येकानं गावातलं एक छोटंसं प्रकरण हाताळून या." त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली म्हणे : मध्यस्थानं स्वतःच्या घरच्या भांडणात कधी बसू नये. तेव्हा मी बाहेर भज्यांची दुसरी प्लेट घ्यायला गेले होते.

गावात भांडणं भरपूर, पण द्यायला कोणी तयार नाही. नालीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांकडे गेले. त्यातला एक म्हणाला, "बाई, आमचं भांडण हाय, पण ते बरं चालून राह्यलं. तुमी काऊन मधात येता?"

म्हणून मी घरात शोधलं. आणि सापडलं.

आमची आणि भासऱ्यांची धानाची शेती लागून आहे आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक मोठं झाड आहे. फुलं पडू लागण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ करायची, आणि जिनं जितकी जागा झाडली तितक्या जागेतली फुलं तिची, हा आमच्याकडचा नियम. माझ्या जाऊ, भासऱ्यांच्या बायको सुमनबाई, पूर्वेकडून झाडत येतात, मी पश्चिमेकडून. झाडू जिथे भिडतील ती सरहद्द. दरवर्षी या सरहद्दीवरून आमची हातभर जागेची कुरबूर होते आणि चहाबरोबर संपते. यंदाही झाली. मी मनात म्हटलं, प्रकरण छोटं आहे, खरं आहे, आणि एसटीचं भाडं लागत नाही.

आता भासऱ्यांविषयी. दादाराव म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विलासरावांचे, मोठे भाऊ. जुन्या रिवाजाप्रमाणे भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही, आणि दादाराव जुन्या रिवाजाचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी विलासरावांमार्फत बोलतात. मी चहाचा कप घेऊन पुढ्यात उभी असते, आणि ते म्हणतात, "विलास, तिले सांग, साखर कमी हाय." विलासराव माझ्याकडे वळून सांगतात, "दादा म्हणते, चहा झकास झाला." मी पहिलं वाक्य ऐकलेलं असतं, पण उत्तर दुसऱ्यालाच द्यायचं, असा आमचा शिरस्ता. "त्यांना सांगा, अजून घ्या," म्हणायचं आणि आत जायचं. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

प्रशिक्षित नजरेला हा घोळ वाटला. गुरुवारी संध्याकाळी छपरीत खुर्च्या मांडून, पाण्याचे ग्लास भरून मी जाहीर केलं, "आज विलासरावांनी फक्त निरोप पोचवायचा. जसाच्या तसा. पदरचं काही घालायचं नाही."

भासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी सुरुवात केली, "विलास, तिले सांग, यंदा तिचा झाडू हातभर आमच्या जागेत आला."

"दादा म्हणते, थोडासा..."

"जसाच्या तसा," मी म्हणाले.

"दादा म्हणते, तू हातभर जागा खाल्ली."

"खाल्ली असं मी म्हटलं नाई," भासरे म्हणाले.

मी छपरीच्या खांबाकडे पाहून, शांत आवाजात, शिकवल्याप्रमाणे विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की मी जागा खाल्ली?"

"विलास, आता ते खुदच म्हणून राह्यली. कबूल हाय तर आमाले बसवलं काऊन?"

इथे थांबता आलं असतं. पण सरांनी एक प्रश्न शिकवला होता आणि तो वापरायचा राहिला होता. मी विचारला : "मनात आणखी काही साचलेलं आहे का? मोकळेपणानं सांगा."

भासऱ्यांनी आढ्याकडे पाहिलं. पाणी प्यायले. आणखी एक ग्लास मागितला. मग म्हणाले, "विलासच्या लग्नात माझी नवी सायकल नेली होती. वापस आली तर घंटी नोयती. घंटी कुठी हाय?"

"घंटीचं काढतोस, दादा?" विलासराव खुर्चीत पुढे सरकले. "अन् माझा रेडिओ खोलून पाह्यला तू. तो त्या दिवसापासून वाजलाबी नाई अन् बंदबी झाला नाई. नुसता खरखर करते."

घंटी आणि रेडिओवरून दोघे बैलांवर गेले, बैलांवरून एका जुन्या शिडीवर. शिडी विळ्यापर्यंत पोचायच्या आत मी चहा आणला. भासऱ्यांनी घोट घेतला आणि मन मोकळं करायच्या भरात म्हणाले, "अन् तिले सांग, तिचा चहा म्हणजे गरम पाणी. पह्यल्या दिवसापासून."

विलासराव माझ्याकडे वळले. त्यांना बिचाऱ्यांना हुकूम होता. "दादा म्हणते, तुझा चहा म्हणजे गरम पाणी. पह्यल्या दिवसापासून."

तेच वाक्य मी क्षणापूर्वी भासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पण विलासरावांच्या तोंडून ते आलं आणि माझं प्रशिक्षण संपलं. मी काय बोलले ते लिहीत नाही. तळ्यावर म्हशी धुणाऱ्यांनी ऐकलं आहे, त्यांना विचारा.

शेवटी परिस्थिती आटोक्यात आणायला मी कागद घेतला आणि तात्पुरता समझोता लिहिला : सोमवारी पुढची बैठक, तोवर झाडाखालच्या फुलांना दोन्ही घरांनी हात लावायचा नाही. दोघा भावांनी सह्या ठोकल्या. सुमनबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "मोहाले सांगतलं का?"

"काय?"

"सोमवारपावतर पडू नको म्हणून."

मोह अर्थातच पडला. शुक्रवारी सकाळी धुऱ्यावर फुलांचा गालिचा होता, आणि दोन घरची माणसं आपापल्या छपरीत आपापला चहा पीत तिकडे बघत बसली होती. समझोता काटेकोर पाळला जात होता. बकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

दुपारी भासरे बुरडाकडून ताटवे घेऊन आले आणि दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत खुंट्या ठोकू लागले. आता पंचाईत अशी, की माझ्याशी ते थेट बोलत नाहीत आणि विलासरावांशी अबोला. निरोप न्यायला माणूसच उरला नाही. मग त्यांनी गोठ्यातल्या बैलाला सांगितलं, "तिकडं सांगून दे, सोमवारी आरमोरीले जातो. वाटणीची केस टाकतो. शेताची बी अन् आंगणाची बी."

आमचं अंगण एक आहे. मागच्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला तेव्हा दोन महिने याच अंगणातून सुमनबाईंकडून जेवण आलं. आमची मुलं कोणत्या घरी जेवली आणि कोणत्या घरी झोपली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता याच अंगणाचा नकाशा काढून वकील फिती लावणार. मीसुद्धा बैलाकडेच तोंड केलं, "त्यांना म्हणावं, कोर्टात वर्षं जातात. मनं तुटतात."

बैलामार्फत उत्तर आलं, "तिनंच म्हटलं, मनातलं बाहेर काढा. काढलं. आता ते वापस आत जाऊन नाई राह्यलं."

संध्याकाळी सुमनबाईंनी अर्ध्या उभारलेल्या ताटव्यावरून भाजीची वाटी दिली. "हे आखरीची असन तर वाटी वापस कर शीला," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मी त्या रात्री ती वाटी घासलीच नाही. घासली असती तर परत द्यावी लागली असती.

शनिवारी सकाळी मोहाला गेलेल्या बायका पळत गावात आल्या. आमच्या झाडाखाली अस्वलाचे पाय उमटले होते. वनरक्षकांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "इतका मोह पडून काऊन राहू दिला, बाई? वास जंगलात गेला, पाहुणा जेवून गेला. हे साफ होत नाई तोवर इकडं कोणी यायचं नाई."

म्हणजे आमच्या एका कागदापायी अख्ख्या गावाचा मोह बंद. तासाभरात सगळ्या बायका माझ्याच छपरीत तक्रार घेऊन बसल्या, माझ्याविरुद्ध. मध्यस्थाची खुर्ची रिकामी होती. सुमनबाई तिच्यात बसल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं हाय," त्या म्हणाल्या, "का सही केली म्हणून मोह सडू द्याचा?"

"तसं नाही, समझोत्यामागचा विचार..."

"मधात बोलू नको. पाणी पे."

मी पाणी प्यायले. त्या दोघा भावांकडे वळल्या, "तुमी दोघं सांगा. आता काय करता?" आणि गप्प बसल्या. उपाय सुचवला नाही, उपदेश केला नाही, सायकलीचं नाव काढलं नाही. सरांनी हेच शिकवलं होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं.

मग विलासराव हळूच म्हणाले, "डबे वाजवत जाऊ. मिळून उचलू."

"डबे माझ्याकडं हायेत," भासरे म्हणाले.

दुपारी वरात निघाली. पुढे वनरक्षक, मागे तेलाचे रिकामे डबे बडवत दोघे भाऊ, त्यांच्या मागे टोपल्या घेतलेल्या बायका. तरुणपणी हे दोघे जयंतीला भीमगीतांच्या पार्टीत ढोलक-झांज वाजवायचे. थोडं अंतर गेल्यावर भासरे ओरडले, "ताल धर विलास, काय बडवून राह्यला?" विलासरावांनी ताल धरला. बायका मागून गाऊ लागल्या. अस्वलानं ऐकलं असेल तर त्याला वाटलं असेल, लग्न आहे.

आणि मला वाटलं, आता आपणही काही करून दाखवावं. झाडू उगारून मी सगळ्यांच्या पुढे झाले. धुऱ्यावर चढले. तेवढ्यात पलीकडच्या झुडपामागे काहीतरी काळं हललं. आणि उभं राहिलं.

मी ओरडलेसुद्धा नाही. (आवाजाचा एवढा लौकिक, ऐनवेळी कामाला आला नाही.)

"पोरी, मांगं हो!"

भासरे माझ्यापुढे उडी मारून उभे होते, डबा ढालीसारखा धरून. सत्तरीच्या घरातला माणूस, पण जागचा हलला नाही.

काळ्यानं मान वळवली, तोंडातला मोह चावला आणि रेकलं. पाटलांचा हल्या होता तो. रेडा.

बायका हसून लोळल्या. मग एकदम सगळ्या गप्प झाल्या, कारण काय घडलं ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. भासरे भावसुनेशी बोलले होते. थेट. भासऱ्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी डबा खाली ठेवला, धुऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "विलास, तिले विचार, लागलं गिगलं तर नाई?"

"दादा विचारते, लागलं का?"

"त्यांना सांगा, नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी भासऱ्यांनी ताटवे स्वतः उपटले आणि अंगणात आडवे टाकले. सोमवारी ते आरमोरीला गेले नाहीत. सरांचा फोन मात्र आला. "झालं का प्रकरण? मिटलं?"

"मिटलं, सर."

"छान. कोणतं तंत्र वापरलं?"

"अस्वल," मी म्हणाले. "म्हणजे तसं पाहिलं तर हल्या."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. चांगला मध्यस्थ बोलत नाहीच.

हा फोन नंतरचा. त्याआधी, हल्या भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी उजाडल्याबरोबर धुऱ्यावर गेले आणि आधी सुमनबाईंची जागा झाडली, मग माझी. त्यांची वाटी त्यांना परत दिली, वडीचं कालवण भरून. मग सगळ्यांना चहा केला. विलासराव विहिरीवर तोंड धूत होते. भासरे अंगणात एकटेच बसले होते. मी कप पुढे केला. त्यांनी घोट घेतला, खाकरले, खांबाकडे पाहिलं आणि स्वतःच्या तोंडानं, मधे कोणी नसताना, मला म्हणाले, "साखर... कमी हाय."

मला भरून आलं. मी समोर बसले, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे की..."

भासरे ताडकन उठले.

"विलास," त्यांनी विहिरीकडे हाक दिली, "तोंड मंग धुजो. पह्यले इकडं ये."