प्रदर्शनात मांडलेले अप्पा

आमचे अप्पा वारले, आणि दहाव्या दिवशी ते जोयड्याच्या सभागृहात दगडांच्या प्रदर्शनात सापडले.

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या गावात, कुंभारवाड्यात, माझ्या प्रत्येक भाषणाला ते पहिल्या रांगेत बसत. (भाषण करणं हा माझा जुना आजार. कुठंही चार खुर्च्या दिसल्या की मला प्रास्ताविक सुचतं.) मी 'थोडक्यात सांगायचं तर' म्हटलं, की अप्पा धोतर झटकून उठत आणि दारातून ओरडत, "थोडक्यात म्हणतोय, म्हंजी अजून तासभर हाय!" ते गेले आणि घर असं गप्प झालं, की काकी चुलीपाशी बसून निखाऱ्यांकडे बघत राही आणि भात करपला तरी तिला कळत नसे.

नेमकं त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी, जोयड्यात, 'आपल्या तालुक्यातले दगड' असं व्याख्यान आणि प्रदर्शन होतं. बाहेरून भूगर्भशास्त्राच्या मॅडम येणार होत्या. नमुने गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे! कॅसलरॉकच्या बाजूचे, ओढ्यातले, रानातले दगड भरलेली माझी गोणी गोठ्यात तयार होती. प्रास्ताविकही तयार होतं, पण सुतक आडवं आलं.

आता जीवखड्याचं सांगतो. चितेपाशी ज्यानं पाण्याचं मडकं फोडतात, तो दगड. गेलेला माणूस दहा दिवस त्यातच आहे असं मानून त्यावर तीळ-पाणी वाहायचं आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा. आमचा जीवखडा गोठ्याच्या कोनाड्यात होता. नवव्या दिवशी कुत्र्यानं तो अंगणात ओढत आणला, तेव्हा अप्पांचा मुलगा मारुती मला म्हणाला, "अण्णा, तू शिकलेला. तू जपून ठेव."

मी शिकलेल्या माणसासारखाच विचार केला. दगड लपवायचा तर दगडांतच! ठेवला गोणीत.

संध्याकाळी मॅडमची जीप आली. सुतकात मी कशाला हात लावणार? अंगणातूनच बोट दाखवलं, "ती गोणी. सगळी न्या!"

सकाळी नदीवर सगळे जमले. मारुती ओल्या पंच्यात, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. रामनगरहून आलेल्या भटजींना संध्याकाळची बस गाठायची होती. ती चुकली तर रात्र आमच्याच ओसरीवर!

"जीवखडा आणा," भटजी म्हणाले.

"अण्णा?"

"सुरक्षित हाय," मी म्हणालो.

"कुठं?"

"गोणीत."

"आनि गोणी?"

मी नदीकडे बघू लागलो. (नदी त्या दिवशी फारच खोल दिसत होती.)

काकी एवढंच म्हणाली, "जित्तेपणी कदी घर सोडून गेलं न्हाईत. आता मेल्यावर जोयड्याला धाडलंस व्हय रे?"

मारुतीला घेऊन मी गावातल्या एका जीपनं जोयडा गाठला. व्याख्यान रंगात आलं होतं. मॅडम कानडी-मराठी मिसळून बोलत होत्या. हातात एक काळपट दगड होता. "हा कोट्यवधी वर्षांचा आहे!"

"न्हाई हो बाई," मारुती दारातून रडवेला ओरडला, "अप्पा ऐंशीचे होते!"

सभागृह वळून बघू लागलं. सुतकी माणूस बघून मागच्या रांगा आपोआप मोकळ्या झाल्या. मॅडमना वाटलं, श्रोत्याची शंका आहे. "बरोबर, वरून कळत नाही. आतलं बघायला फोडावा लागतो," असं म्हणून त्यांनी हातोडी उचलली!

"अप्पांना मारू नका!" मारुतीनं टेबलावर उडी घेतली. टेबल कलंडलं, दगड गडगडले, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय वर घेतले. मी दगडांत गुडघे टेकून मॅडमना सगळी कथा सांगितली. त्यांचा चेहरा पडला.

"एका दगडाला तीळ चिकटले होते खरे."

"कुठल्या?"

"आता कसं सांगू? मी सगळे ब्रशनं घासले."

मारुती माझ्याकडे वळला. "तूच ठेवलास न्हवं? वळख की!"

मला सगळेच दगड सारखे दिसत होते. (त्यांना मी तसाच दिसत असणार.) तेवढ्यात मारुतीला एका दगडाची चिठ्ठी दिसली: 'अत्यंत कठीण. सहजी फुटत नाही. झिजण्यास फार काळ लागतो.'

"ह्योच!" त्यानं तो छातीशी धरला आणि ढसाढसा रडला. तरी खात्री असावी म्हणून आम्ही तसलेच आणखी दोन उचलले.

"तीन?" नदीवर परतल्यावर भटजी म्हणाले. "शास्त्रात एकच आहे."

"मग एकच असंल यातला," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिघांवरही तीळ-पाणी सोडलं.

पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते, पण एकही हलेना. मारुती हात जोडून म्हणाला, "अप्पा, म्हस इकणार न्हाई." काही नाही. काकी म्हणाली, "मी येळेवर जेवतो." तरी नाही. ऊन कलू लागलं. दगड चुकला असेल, तर अप्पा कुठल्या टेबलाखाली पडले असतील, हाच विचार करत मी एकेका कावळ्याकडे बघत होतो.

"तू बोल की," काकी माझ्याकडे न बघता म्हणाली. "जलमभर त्यास्नी ऐकवलंस."

मी हात जोडले. "अप्पा, थोडक्यात सांगायचं तर, आजपासून मी भाषण क—"

पुढचा शब्द तोंडातच राहिला. कावळा धप्पकन पिंडावर! त्याच्यामागून उरलेलेही.

मारुती रडता रडता हसला, आणि काकीनं दहा दिवसांत पहिल्यांदा पदरानं डोळे कोरडे केले. भटजींना बसही मिळाली. मी मात्र उघड्या तोंडानं तसाच उभा होतो. 'करणार नाही' म्हणायचं होतं की 'कमी करीन', हे अजून माझं ठरलं नव्हतं. पण अप्पांनी याही वेळी माझं वाक्य पुरं होईपर्यंत दम धरला नाही.