आत्याची किटली

कोथरूडला आमचा म्हशींचा गोठा होता, ओढ्याला अगदी लागून. दुधात पाण्याचा थेंब घालत नाही, याचा वडिलांना कोण अभिमान! आणि रोज सकाळी त्याच गोठ्यातलं शेण-मूत आम्ही पाणी मारून सरळ ओढ्यात लोटायचो. दुपारी म्हशी तिथेच डुंबायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

ओढ्याच्या खालच्या अंगाला वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या राहायची. तिच्या वस्तीवर नळ नव्हता. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणीच सगळे प्यायचे. वडील तिला रोज किटलीभर दूध पाठवायचे, मायेनं. न्यायचो मी. आमच्यात आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आत्या किटली लख्ख धुऊन तीत काहीतरी घालायचीच. कढीपत्ता, दोन लिंबं, काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

एका पावसाळ्यात तिच्या दोन्ही पोरांना हगवण लागली, ती काही हटेना. एक दिवस तिनं दिलेली किटली जड लागली.

"हिंदकळू देऊ नको. दादाला म्हणावं, माझ्याकडं आज एवढंच हाय."

आत विहिरीचं पाणी होतं, पिवळट. वडिलांनी वास घेतला आणि भडकलेच. "आपल्या म्हशींचं शेण हाय ते, विख नव्हं!"

"मग प्या की घोटभर," मी म्हणालो. सणसणीत थोबाडीत बसली. पण पाणी काही ते प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ काढली. ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर शेणाचा खड्डा खणला. म्हशींसाठी हौद बांधला, काठाला कुंपण घातलं, आणि कुंपण ते ओढा एवढ्या पट्ट्यात दाट गवत लावलं, गोठ्यातून वाहून येणारी घाण तिथंच अडावी म्हणून. महिनाभर आमच्याशी धड बोलले नाहीत. म्हशीही कुंपणाशी उभ्या राहून बोंबलायच्या. पुढच्या पावसाळ्यात मात्र पोरं ठणठणीत राहिली आणि किटलीतून पुन्हा कढीपत्ता आला. वडील तो हातात धरून किती वेळ बसले होते!

वडील गेले. मी कॉम्प्युटर कंपनीत चिकटलो. म्हशी कोण सांभाळणार? जागा बिल्डरला दिली. सांडपाणी कुठे सोडणार, असं मी विचारलं होतं. "अहो, सगळं नियमात आहे," तो म्हणाला, आणि मी सही केली. मला तेच ऐकायचं होतं.

त्याच जागेवर मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर गॅलरीतून पाहिलं. जिथं गवत होतं, तिथंच सोसायटीचा पाइप ओढ्यात उघडला होता. मीटिंगमध्ये मी विषय काढला. एक गृहस्थ म्हणाले, "आपण तिसऱ्या मजल्यावर ना? मग आपल्याला वास येण्याचं कारण नाही." लोक हसले. मी खाली बसलो. वडिलांचा हात तेव्हा फार आठवला.

दिवाळीत पिशवीचं दूध जुन्या किटलीत ओतून आत्याकडे गेलो. नळ तिच्याकडे अजूनही आला नव्हता. विहिरीवर पत्रा टाकलेला होता. टँकर कधी येतो, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनं दूध पातेल्यात ओतून घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला, किटली हातात दिली.

रस्त्यावर येऊन मी झाकण उघडलं. किटली रिकामी होती. धुतलेलीही नव्हती.