चार प्राणांचा वैद्य

फासे आणि कल्पना यांवर चालणाऱ्या साहसाच्या खेळात नवे पात्र आरंभी किती समर्थ असावे, हा प्रश्न मी दोन रविवार तपासला.

पहिल्या रविवारी माझी मुलगी केतकी खेळाची गोष्ट रचून सांगत होती, संकटेही तीच आणत होती. तिची मैत्रीण मुग्धा आणि मी आपापले पात्र चालवत होतो. मी शिक्षिका. माझे पात्र मांत्रिक; त्याच्या गुणांच्या तक्त्यात मी बळापासून चातुर्यापर्यंत सगळीकडे पैकीच्या पैकी लिहिले. राक्षस आला, एका मंत्रात संपला. दुसराही तसाच. मुग्धाने हातातला फासा हळूच खाली ठेवला.

"काकू, मी चहा टाकू का तोवर?"

ते मला लागले. ती पुन्हा खेळायला यायची नाही, ही भीती आठवडाभर राहिली.

पण दुसऱ्या रविवारी ती आली. या वेळी मी वैद्य घेतला. त्याचे प्राण चारच, म्हणजे चार घाव बसले की तो संपला; आणि येत काय होते, तर जखम बांधणे. वेशीवरच्या कुत्र्यानेच त्याचे तीन प्राण घेतले.

"काकू, मागे व्हा! माझ्या ढालीमागे या!" मुग्धा खुर्चीवरून उठलीच. कुत्रा पळाल्यावर मी तिच्या शूर योद्ध्याच्या चावा बसलेल्या हाताला पट्टी बांधून दिली.

पहिलीच्या वर्गात सगळे येणारे मूल शेजारच्या पाटीकडे मान वळवत नाही, आणि काहीच न येणाऱ्याकडे कोणी वळत नाही. म्हणून पात्राला एक काम नेमके यावे. बाकीसाठी सोबती लागावा.

निघताना मुग्धा म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर बसू. तुमच्या वैद्याला जगवायचंय."

माझा पुरावा एवढाच आहे. कृपया आपणही खेळून पडताळून पाहावे.