सिम्युलेटरला सासरा नसतो

समजा, तुमच्यासमोर संगणक आहे आणि त्याच्या पडद्यावर एक फोन उघडलेला आहे. फोन चित्रातला, त्याला सिम्युलेटर म्हणतात, पण वागतो अगदी खऱ्यासारखा. तुम्ही त्याला आडवा करता, तो आडवा होतो. त्याची बॅटरी तीन टक्क्यांवर आणता, रेंज घालवता. तो राजधानी बिश्केकच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, तरी त्याला सांगता की तू दूर डोंगरातल्या सोंग-कोल तळ्याच्या काठी आहेस, आणि तो मुकाट्याने मान्य करतो. आता तुमचं काम एवढंच, की त्यावरचं ॲप कुठे मोडतं ते शोधायचं. तुम्ही सगळं करून पाहता आणि ते काही मोडत नाही.

कुंदूझ अशी नऊ दिवस बसली होती.

ॲप गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब यंत्राने मोजायचा, फोनवरचं बटण दाबायचं, आधी पेशंटचं नाव बोलायचं, मग आकडा बोलायचा. केंद्राकडे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची यादी असते, तिच्याशी नाव जुळतं आणि आकडा वाईट असेल तर परिचारिका त्याच दिवशी घरी येते. टाइप करायला नको, म्हणून सगळं बोलून. दहा सेकंदांत नाव ऐकू आलं नाही, तर ॲप म्हणतं, ‘आवाज आला नाही, पुन्हा प्रयत्न करा.’

नारीन या डोंगराळ प्रांताच्या वरच्या अंगाला तीन गावांत ते चाचणीसाठी दिलं होतं, आणि तिथून महिनाभर हेच येत होतं. आवाज आला नाही. आवाज आला नाही.

तिलेकने, म्हणजे ज्याने हे ॲप लिहिलं होतं त्याने, पहिल्याच दिवशी हात झटकले. माझ्याकडे चालतंय, तो म्हणाला. वर आणखी असंही म्हणाला, की तिकडच्या बायका फोन पिठाच्या हाताने धरतात, माइकच्या भोकात कणीक गेली असेल. कुंदूझने हेही नोंदवून ठेवलं. चार वर्षं ती हेच काम करत होती आणि कुठलीही शक्यता हसण्यावारी न्यायची नाही ही तिची सवय होती. लिफ्टचं बटणसुद्धा ती दोनदा दाबून बघायची. सासू शेजारणींना सांगायची, आमची सून फोन मोडायचा पगार घेते.

तिने अकरा प्रकारचे फोन सिम्युलेटरवर उघडले. नावांच्या ध्वनिफिती एकेकाच्या माइकमध्ये सोडल्या. मागे वारा लावला, मेंढरांचा आवाज लावला, जनरेटर लावला. नाव दर वेळी ओळखलं गेलं. फिती कोणाच्या आवाजात होत्या, तर तिलेकच्या आणि ऑफिसातल्या आणखी दोन मुलांच्या. एका दुपारी समोसे खाता खाता त्यांनी यादीतली साठ नावं घडाघडा वाचून काढली होती. त्यात काही चुकलंय असं कोणालाच वाटलं नव्हतं, कुंदूझलाही नाही.

एरमेक त्यांच्या गटाचा प्रमुख होता. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला एरमेक बाइके म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी आला. येत्या गुरुवारी ॲप सरकारी माणसांच्या हवाली करायचं होतं, चारशे गावांसाठी.

“कुंदूझ, तू हा बग एकदा तरी घडवून दाखवलास का?”

तिने नाही म्हटलं.

“मग सोमवारी मी तो बंद करतो. ‘पुन्हा घडला नाही’ असं लिहून.”

बंद केलेला बग परत कोणी उघडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. चारशे गावांत बटण दाबलं जाईल, आवाज जाणार नाही आणि परिचारिका यायची नाही. मार्श्रुतकात, म्हणजे भाड्याच्या मिनीबसमध्ये, बसून घरी जाताना कुंदूझने मनात पुन्हा सगळ्या पायऱ्या मोजल्या. एकही राहिलेली नव्हती.

रविवारी दुपारी घरी, शहराच्या कडेला आक-ओर्गोला, जेवणं झाली होती. सासरे, ज्यांना ती अता म्हणते, मागच्या वाफ्यात बटाट्यांना माती चढवत होते. सासू, जिला ती आपा म्हणते, चहात दूध ओतत होती. तिनेच विषय काढला. गावाकडच्या लोकांना एवढं देताय, मग तुझ्या अतांचं का नाही घालत त्यात? डोकं जड आहे म्हणतात दोन दिवस.

कुंदूझला ते पटलं. खऱ्या फोनवर, खऱ्या माणसासाठी तिने हे ॲप अजून एकदाही वापरलं नव्हतं. तिने सासऱ्यांना हाक मारून आत बोलावलं, दाब मोजला. एकशे पासष्ट. ते परत वाफ्यात गेले. तिने चाचणीच्या यादीत त्यांचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

फोन म्हणाला, ‘पेशंटचं नाव बोला.’

कुंदूझने तोंड उघडलं आणि तशीच थांबली.

या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ते नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. सुनेने सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं नसतं, हे तिला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. ते आपोआप येतं, जसं पाहुण्याला चहा उजव्या हाताने देणं येतं. सासरे म्हणजे अता. त्यांचे थोरले भाऊ म्हणजे वरच्या घरचे अता. कागदावर तिने ते नाव शंभरदा लिहिलं असेल, वीजबिलावर, दवाखान्याच्या फॉर्मवर. बोलायची वेळच आली नव्हती.

‘आवाज आला नाही,’ फोन म्हणाला. ‘पुन्हा प्रयत्न करा.’

“बिघडलं का गं?” आपाने विचारलं.

“नाही. नाव विचारतंय.”

“मग सांग की.”

कुंदूझने तिच्याकडे पाहिलं. आपाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग ती इतकी हसली, की चहा बशीत सांडला.

“माझ्याकडे नको बघूस. बेचाळीस वर्षांत मी नाही घेतलं, आता यंत्रासाठी घेऊ होय?”

शेवटी सासऱ्यांना पुन्हा आत यावं लागलं. मातीचे हात पाठीमागे धरून, फौजेत हजेरी देतात तसं, त्यांनी स्वतःचं नाव फोनला ओरडून सांगितलं. नाव ताबडतोब जुळलं. कुंदूझ हसत नव्हती. हे चालते-बोलते होते म्हणून येऊन सांगू शकले. आडवे झाले असते, शुद्ध हरपली असती, घरात सून एकटी असती, तर? आणि या ॲपची गरज नेमकी तेव्हाच लागायची.

आपाचं हसू तोवर थांबलं होतं. बशीतला चहा परत कपात ओतत ती म्हणाली, “तुमच्यात एवढी शिकलेली माणसं आहेत ना गं? त्यांच्या घरात सुना नाहीत का?”

सोमवारी कुंदूझने सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन बगची नोंद नव्याने लिहिली. पायरी एक, सून व्हा. पायरी दोन, सासऱ्याचा दाब मोजा. पायरी तीन, बटण दाबा. अपेक्षित परिणाम, नाव ऐकू येतं. प्रत्यक्षातला परिणाम, कोणी बोलत नाही.

तिलेकने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळे हसले. एरमेकही हसला, पण मग म्हणाला की हा बग नाही, ही लाज आहे. शहरात कोण पाळतं आता? कुंदूझने खिशातून आपला फोन काढला, ॲप उघडलं आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं. दहा सेकंद गेले. ‘आवाज आला नाही.’ तिने पुन्हा दाबलं. खोलीतलं हसणं कमी झालं.

“एजे, घे की नाव,” तिलेक म्हणाला. तो धाकटा, म्हणून तिला ताईच्या मानाने एजे म्हणायचा. “ते तिकडे आक-ओर्गोला आहेत. त्यांना थोडंच ऐकू जाणार आहे?”

“त्यांना नाही, पण मला जाईल ना.”

एरमेकला तरीही पटलं नव्हतं. एका सुनेवरून चारशे गावं कशी ठरवायची, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको बँकेत नोकरी करणारी, गाडी चालवणारी. त्याने तिलाच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि माझ्या वडिलांचं नाव सांग म्हणाला.

“का? काय झालं त्यांना?”

“काही नाही. नुसतं नाव सांग.”

“तुम्हाला माहीत नाही का?”

“मला माहीत आहे. तू म्हण.”

पलीकडे बराच वेळ काही आलं नाही. एरमेक टेबलावर बोट वाजवत राहिला. कुंदूझ मनात मोजत होती. बारा सेकंद झाले.

“सकाळी सकाळी प्यायलात की काय?” बायको म्हणाली. “माझ्यासमोर लोक उभे आहेत.” आणि तिने फोन ठेवला.

तिलेकने तोंडावर हात धरला. एरमेकने फोन उलटा करून टेबलावर ठेवला, थोडा वेळ नोंदीकडे पाहिलं आणि विचारलं, की दुरुस्तीला किती दिवस.

दोन दिवस पुरले. आता ॲप नाव विचारत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांचे फोटो ओळीने येतात, ज्याचा दाब मोजला त्याच्यावर बोट ठेवायचं आणि फक्त आकडा बोलायचा. गुरुवारी ॲप हवाली झालं. महिनाभराने नारीनकडून येणाऱ्या तक्रारी तीनवर आल्या, आणि त्यातली एक खरोखरच कणकेची होती.

कुंदूझने तो बग स्वतःच्या हाताने बंद केला. पण बंद करण्याआधी तिने एक गोष्ट केली, जी पहिल्या नऊ दिवसांत करायला हवी होती असं ती अजून म्हणते. चाचणीतल्या फसलेल्या ध्वनिफिती साठवलेल्या होत्या. तिलेकने त्या रिकाम्या म्हणून बाजूला टाकल्या होत्या. तिने कानाला हेडफोन लावून त्या एकेक ऐकल्या. रिकामी त्यांतली एकही नव्हती. कुठे किटलीची वाफ होती, कुठे कुत्रं, कुठे कोणीतरी श्वास घेऊन थांबलेलं.

एका फोनवरून एकाच दुपारी अकरा वेळा बटण दाबलं होतं. अकराही वेळा मागे कोणाचा तरी खोकला आहे, आणि तो दर वेळी थोडा लांबत जातो. पुढे बाईचा श्वास. बाराव्यांदा बटण दाबलेलं नाही.

तिने केंद्राला विचारून पाहिलं. पण त्यांची यादी नावांवरून चालते, आणि या फितींमध्ये नावच नाही. फोन कोणाचा, तेही चाचणीच्या नियमाप्रमाणे झाकलेलं. त्या दुपारी ज्यांना खोकला येत होता, त्यांच्यापर्यंत शेवटी कोणी पोचलं का?