चाकाखालचा दगड

तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिचा नवरा माझ्या नारायणगावच्या गॅरेजात जुनी फियाट घेऊन आला, मागच्या चाकांना चकचकीत डिस्क ब्रेक बसवायला. त्याने आणलेल्या ब्रेकला हँडब्रेकची वायर जोडता येत नव्हती. मी म्हणालो, "थांबा, वायरवाले मागवतो." तो गाडीत बसलेल्या बायकोकडे बघून हसला. "हँडब्रेक कोण बघतंय, राव? दगड लावायला ही हाय की!" डोकं फिरलं माझं, पण गिऱ्हाईक होतं. बसवले.

पुढे आणे घाटातल्या चहाच्या टपरीवर ती दोघं नेहमी दिसायची. उतारावर गाडी थांबली की आधी ती उतरायची, पदर खोचून मागच्या चाकाखाली दगड सरकवायची, टाचेनं दाबून बघायची. मग साहेब ऐटीत उतरून लोकांना डिस्क दाखवायचे. ती चहासुद्धा चाकापाशीच उभ्यानं प्यायची.

एकदा मला राहवलं नाही. तो लांब होता तेवढ्यात म्हणालो, "वहिनी, वायरवाले ब्रेक आणून ठेवलेत. या एकदा, बसवून देतो."

ती घाबरली. "नको भाऊ, त्यांना बोलू नका. मंग ते मला कशाला संगं न्हेतील?"