आईच्या मुठीतलं उपरणं

आमच्या पद्मजाताईइतकी हट्टी मुलगी लोणावळ्यात दुसरी झाली नाही. मी चंद्रिका, तिची सख्खी धाकटी बहीण, तिच्याबरोबर एका खोलीत वाढलेय, मला विचारा! आमचे अण्णा रेल्वेत तारमास्तर. त्यांच्या पासावर ताई रोज पुण्याला जायची आणि एम.एस्सी.चा प्रबंध लिहायची. साल एकोणीसशे एकोणचाळीस. विषय काय, तर ताऱ्याच्या पोटात दाबून भरलेला हायड्रोजन कसा वागतो. शेजारणी विचारायच्या, "अगोबाई, आणि स्वयंपाक येतो ना?"

गोष्ट तशी अवघड नाही, ताईने मला पोळ्या लाटता लाटता सांगितली होती. हायड्रोजनच्या अणूत एक केंद्र आणि त्याला धरून असलेला एकच इलेक्ट्रॉन. वायू तापवला की इलेक्ट्रॉन सुटून पळतो, दाबला की पुन्हा घरी येतो. किती पळाले, किती परतले, हे सांगणारं एक नावाजलेलं समीकरण होतं. ताईने त्यात दाब वाढवत नेला, आणि ताऱ्याच्या ऐन गाभ्यात, जिथे भट्टी पेटलेली, तिथेच बरेचसे इलेक्ट्रॉन निमूट घरी बसलेले निघाले!

"असं होणार नाही," ताई म्हणाली.

"का नाही?" तिच्या प्राध्यापकांनी विचारलं. ताईने आकडे पुन्हा पुन्हा तपासले, तरी कारण सापडेना. मग ते म्हणाले, समीकरण सांगतं तसं मांडा, नाहीतर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. सही नाही तर पदवी नाही, सगळी मेहनत पाण्यात. मी म्हटलं, "मांड की गं तसं, तुझं काय जातंय?" तर बाईसाहेबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

चैत्रात आम्ही कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला गेलो. अण्णा गर्दीत हरवतात म्हणून आई त्यांच्या उपरण्याचं टोक मुठीत धरायची. गर्दी वाढेल तशी मूठ घट्ट. पायऱ्यांवर अण्णा इकडेतिकडे झाले तरी आई ओढून आणायची. पण देवळाच्या दाराशी असा काही रेटा आला की कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडात! रेटा ओसरला तेव्हा आईच्या मुठीत नुसतं उपरणं. अण्णा भलत्याच कुटुंबात उभे, त्यांचा नारळ हातात घेऊन!

आई रडकुंडीला आली. "मी सोडलं नव्हतं हो!"

फुलं विकणारी झुंबरबाई हसत सुटली. "आवो मावशी, इतक्या दाटीत हितं कोन कुनाचा ऱ्हातोय?"

ताई जागच्या जागी थांबली. मागचे लोक ओरडायला लागले, हिला पत्ता नाही. "चंद्रे, आईने खरंच सोडलं नव्हतं गं," ती म्हणाली. "धरून ठेवायला जागाच उरली नव्हती!"

समीकरण धरून चाललं होतं की प्रत्येक अणूला भोवती हवं तेवढं अंगण आहे. शेजारी अंगावर आले की अंगण संपतं, मग इलेक्ट्रॉन नेमका कुणाचा? अति दाबच त्याला मोकळा करतो. घरी येऊन ताईने प्रत्येक अणूच्या वाट्याची जागा हिशेबात घेतली आणि आकडे नव्याने मांडले. दाब वाढला तसे इलेक्ट्रॉन आधी घरी परतले, पण पुढे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या आलेखाची रेघ वळली ती सरळ वर! गाभ्यात सगळे मोकळे. ताई अशी किंचाळली की अण्णांना वाटलं, विंचू चावला.

प्राध्यापकांनी पानन् पान तपासलं. "आता सांगा, का नाही?" ताईने सांगितलं, उपरण्यासकट. ते गृहस्थ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्यांनी सही केली.

पदवी घेऊन ताई लोणावळ्याला उतरली तेव्हा माझी छाती अभिमानाने फुटेल की काय असं झालं होतं. आई फलाटावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी ह्यांना हरवलं म्हणून पोरगी पास झाली हो!" अण्णांनी खांद्यावरचं तेच उपरणं काढून, शाल पांघरावी तसं ताईच्या अंगावर घातलं. आईने सवयीने त्याचं टोक मुठीत धरलं. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने मूठ उघडली.

"जा बाई," ती म्हणाली, "तुला हवं तिथे जा."